थोरल्या आजोबांना टाय बांधला त्याची गोष्ट

तुमचे थोरले आजोबा गेल्या पौषात पोशेऱ्याला वारले आणि त्यांच्या बाराव्याच्या आत मी त्यांना टाय बांधला.

(तुमच्या आईने हे तुम्हाला इतक्या लांब कळवलं नसणार, म्हणून मीच क्रमवार लिहिते.)

बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता, आणि भावोजींचा (तुमचे थोरले आजोबा म्हणजे माझे थोरले दीर) फोटोच नव्हता. कुणी कॅमेरा काढला की हे म्हणणार, "थांब, बैल बांधून येतो," आणि फोटोवाला गेल्यावर उगवणार! आधार कार्डावर तेवढा एक होता. तो मी जाऊबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दाखवला.

"हा नको," त्या म्हणाल्या. "यात मेल्यासारखे दिसतात."

त्या दिवशी घरात कुणीही हसलं नाही.

शेवटी माझ्या अल्बममध्ये (सालवार लावलेला, प्रत्येक फोटोमागे नावं!) तुमच्या आईच्या लग्नातला एक सापडला. भावोजी पंगतीत भाताचं घमेलं घेऊन वाकलेले, चेहरा अर्धाच, त्यावर वाफ. जाऊबाईंनी तो बराच वेळ हातात धरला.

"मास्तरीणबाई, तेवढा चेहरा नीट करून द्या. दुसरं काय नको मला."

मास्तरीणबाई म्हणजे मी. जव्हारला तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे घरातली सगळी अवघड कामं माझ्याकडे येतात आणि बिघडून परत जातात.

हल्ली फोनवर जुना फोटो नवा करून मिळतो. जव्हारच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा त्यावर स्वतःची बाहुली करून स्टेटसला लावते. मग मी काय कमी? फोटो चढवला आणि खाली शुद्ध इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला, की सोबतच्या छायाचित्रातील वयोवृद्ध सद्गृहस्थांना गंभीर प्रसंगी शोभेल असे रूप द्यावे व सर्व दोष काढून टाकावेत, ही नम्र विनंती. (शेवटी 'आपली विश्वासू' लिहून नावसुद्धा घातलं!)

अर्ध्या मिनिटात अर्ज मंजूर. भावोजी कोट घालून बसलेले! निळा, पट्ट्यापट्ट्यांचा टाय. रंग गोरा. बत्तीसच्या बत्तीस दात (खरे अकरा होते). आणि शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या पाठीमागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट! खरं सांगू? मला तो फोटो आवडला. मनात आलं, आता कसे कुणालाही दाखवण्यासारखे दिसतात.

काशिनाथला, त्यांच्या मुलाला, तर फारच आवडला. तो भिवंडीला कामाला असतो.

"काकी, एकदम हिरो! बाबा छा गये!"

फोटोतल्या माणसाला हलतं करायची टूम निघाली आहे, ती त्याला ठाऊक. त्याने बाबांना हलवलं. भावोजी गोड हसले आणि त्यांनी हात हलवला. ते काशिनाथने स्टेटसला लावलं, तर तासाभरात त्याच्या सासऱ्यांचा फोन आला, "व्याही बरे झाले म्हणायचे! आम्ही उगाच रडलो."

मग त्याने मोखाड्याहून श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स करून आणला आणि बाराव्याच्या सकाळी फाट्यावर टांगला. भावोजींची जुनी सोबती, सूर्यमाळची मंडळी दोन जीप भरून आली. फ्लेक्स बघितला, खाली नाव वाचलं, पुन्हा वर बघितलं, आणि जीप वळवल्या! काशिनाथ मोटारसायकलवरून मागे धावला.

"अहो, थांबा! माझाच बाप आहे तो!"

"तुझ्या बापाची वळख तू आमाला देतोस?" एक म्हातारा जीपमधून ओरडला. "आमी संगं खेकडे धरलेत! हा कुनी तरी साहेब मेलाय. तिकडं आमचं काय काम?"

इकडे मी तोच फोटो चौकटीत घालून, वर कापड टाकून ठेवला होता. (जाऊबाईंना आनंदाचा धक्का द्यायचा होता. बाराव्याला! आनंदाचा!) अंतरपाट दूर करणाऱ्या भटजीच्या थाटात मी कापड उचललं.

जाऊबाई जवळ आल्या. डोळे बारीक करून बघितलं.

"हा कोन हाय?"

"वहिनी, असं काय करता? हे भावोजी."

"हे?" त्या खाली बसल्या. "मग मी पन्नास वर्सं कोनाच्या घरात नांदले?"

त्यांनी काचेवर बोट ठेवलं, कपाळाच्या डाव्या बाजूला. तिथे भावोजींना कोयत्याची जुनी खूण होती. त्या बोटाने ती शोधत होत्या, आणि काच गुळगुळीत होती. सर्व दोष काढून टाकावेत, असं मीच लिहिलं होतं.

मी पिशवीतून अल्बम काढला, त्यातला फोटो सोडवला, चौकटीतल्या साहेबांना बाहेर काढलं आणि घमेलेवाल्या भावोजींना आत बसवलं. वाफेतूनही खूण दिसत होती. जाऊबाईंनी पदराने काच पुसली. म्हणाल्या, "बघा, भात अजून गरम हाय." मग त्या बारा दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या, आणि मी चष्मा पुसायला परसात गेले.

दुपारी, काशिनाथने समजावून परत आणलेली सूर्यमाळची मंडळी जेवून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचाबी एक फोटो आताच काढून ठेवा, हाय तसा. नाय तं तुमी गेल्यावर पोरं भलत्याच मडमेला हार घालतील."

पटलं मला. तिथेच भिंतीशी ताठ बसले. काशिनाथने फोटो काढला आणि फोन माझ्या हातात दिला. कितीतरी वेळ मी त्या म्हातारीकडे बघत राहिले.

मग जाऊबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला विचारलं, "काशिनाथ, गळ्यावरच्या सुरकुत्या तेवढ्या जरा कमी होतील का रे?"