आमच्या घरची जर्मनी

शाळेत मधली सुट्टी झाली, की डबे उघडायच्या आधी बायका माझ्याकडं बघतात. "मॅडम, आज काय केलं तुमच्या जर्मनीनं?" रोज एक तरी निघतंच! विसरायला नको म्हणून परवा वहीत लिहायला बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "लिवत काय बसलीस? भाकऱ्या कोन टाकंल?" म्हटलं, मग तोंडानंच सांगावं.

आता हसू येतं हो, पण पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आमचा ओंकार कॉलेजच्या एक्स्चेंजमधून सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेला आणि त्याच्या बदल्यात तिथली सतरा वर्षांची पोरगी आमच्या परंड्यात आली. आमचं लेकरू त्यांच्या घरी, त्यांचं आमच्या घरी. चौथ्याच दिवशी ती गच्चीवर फोनवर रडत होती. हे सगळं जमवणाऱ्या पुण्याच्या सरांना सांगत होती, मला इथून न्या, पुण्यात ठेवा! संध्याकाळी सरांचा मला फोन. "मॅडम, दोन महिने बघू म्हटलंय तिला. मग मी गाडी घेऊनच येतो. तेव्हा ती म्हणेल तसं."

जिची आई माझ्या पोराला जेवू घालतेय, तीच पोर माझ्या दारातून रडत गेली, तर त्या माउलीला काय तोंड दाखवू?

* * *

तिचं नाव सिल्के. सासूबाईंना ऐकू आलं शिळके.

"शिळं कशापायी म्हनायचं? चांगली ताजी पोरगी हाय की!"

आजी काय म्हणतात, असं तिनं मला विचारलं. मी माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, तू फ्रेश आहेस म्हणतात. पोरगी लाजली आणि सासूबाईंना वाकून थँक यू म्हणाली. तेव्हापासून ती आमची शीलू.

* * *

मी तिला पहिला मराठी शब्द शिकवला तो 'नको'. पण आमच्या घरात त्याचा काय उपयोग! ती नको म्हणाली, की सासूबाई अर्धी भाकरी वाढायच्या. परत नको म्हणाली, की पिठलं. तिसऱ्यांदा म्हणाली, की "लाजतीया बिचारी" म्हणून वर तुपाची धार! चौथ्या दिवशी बिचारीनं वही काढली आणि मला विचारलं, "काकू, 'नको' म्हणजे 'अजून' का?"

त्याच आठवड्यात ओंकारचा फोन. आवाज एवढासा.

"आई, भूक लागलीय गं."

माझा जीव खाली-वर. "का रे? जेवायला देत नाहीत का?"

"देतात की! पण पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आपलं रीतीप्रमाणं नको म्हणालो. इथं दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही!"

* * *

आमच्याकडं आतल्या खोलीचं दार दिवसा लागतं ते दोनच वेळा. कुणी आजारी असलं तर, नाहीतर कुणी रुसलं असलं तर. शीलू अभ्यासाला दार लावून बसायची. पहिल्या दिवशी सासूबाई दार ढकलून आत. "पोट दुखतंय का गं?" दुसऱ्या दिवशी, "कुनी बोललं का तुला?" तिसऱ्या दिवशी शेजारची बाईसुद्धा ओवा घेऊन आली!

शेवटी शीलूनं आमच्या ह्यांना विचारून विचारून मोठ्या अक्षरात कागद लिहिला आणि दाराला चिकटवला. 'आधी दार वाजवा.' सासूबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला.

"येवढंच व्हय? वाजवू की! त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दार उघडलं, आत गेल्या, पलंगावर ऐसपैस बसल्या आणि मग मागं हात करून उघड्या दारावर दोनदा टकटक केलं. "वाजवलं बग! आता बोल."

आतून मोठा आवाज आला. मला वाटलं, रडतीय. हातातलं लाटणं घेऊन पळाले, तर पोरगी पोट धरून हसत होती! आमच्या घरात पहिल्यांदाच. सासूबाईंना काही कळेना, पण त्याही हसायला लागल्या. मी दारातच लाटणं घेऊन बसले. लई बरं वाटलं मला, खरं सांगते.

* * *

घरापासून कॉलेज पाच मिनिटांवर. शीलू पोचायची पाऊण तासानं! चौकशी केली तेव्हा कळलं, वाटेत भेटेल तो विचारतो, "कुठं निघालीस?" आणि ही प्रत्येकासमोर थांबून कुठं, कशाला, पहिला तास कुणाचा, परत किती वाजता, सगळं सांगते. टायरवाला, गिरणीवाला, दळणाच्या रांगेतल्या बायका, एकालाही सोडत नाही.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, त्यास्नी कुठं जानून घ्यायचंय? 'हितंच' म्हनायचं आन् चालू लागायचं!"

पोरगी हुशार. पुढच्या रविवारी आम्ही सोलापूरला निघालो. शीलू स्टँडवर पाठीला हे एवढं दप्तर, हातात पिशवी घेऊन उभी. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं, ताई?"

"हितंच!"

* * *

दोन महिने भरले. सर खरंच गाडी घेऊन आले. मी शीलूला एकदाही विचारलं नव्हतं, राहतेस का म्हणून. छातीच झाली नाही. नाही म्हणाली असती तर? सर सोफ्यावर कडेला बसले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. मी पाणी द्यायचंही विसरले, नुसती पदराचं टोक पिळत उभी.

शीलू शेजारी शेवया वाळत घालायला गेली होती. आली तशी पिठाच्या हातानं दारात थांबली. सरांकडं बघितलं. आत गेली, हात धुतले, तांब्या-भांडं घेऊन आली आणि सरांच्या हातात पाणी दिलं.

सर इंग्लिशमध्ये म्हणाले, "मग? बॅग भरलीस का? निघायचं?"

"कवा आलात? वाट नीट घावली का?"

"अगं, मी तुला न्यायला आलोय!"

शीलूनं रिकामं भांडं त्यांच्या हातातून घेतलं.

"तुमी बूट काढा, सर, निवांत बसा. आमच्यात पाव्हण्याला जेवल्याबिगर सोडत न्हाईत."