शिवणवाल्या मावशीचं कुंपण

शिवणवाल्या मावशीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या गप्प राहण्यामुळे. गिऱ्हाइकाचं माप घेताना तिच्या ओठांत चार टाचण्या असायच्या आणि कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "हं."

मुळात ती अशी नव्हती. एके काळी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. चर्चच्या गायनमंडळाचे झगे तीच शिवायची. एका वर्षी मंडळाच्या प्रमुखबाईंच्या सुनेची कंबर टेपवर दोन इंच जास्त भरली आणि मावशीला आनंद आवरेना. रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी तिने सगळ्यांसमक्ष सासूबाईंचं अभिनंदन करून टाकलं. सुनेने ती बातमी घरातही सांगितली नव्हती. आधी दोनदा निराशा झाली होती. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा झाली, आणि सांत्वनाला अख्खी मंडळी दारात.

मावशीने देवाकडे क्षमा मागितली, सुनेकडेही मागितली. सून म्हणाली, "माफ केलं, मावशी. पण माझे कपडे आता दुसरीकडे देईन."

क्षमा मिळाली, पण जीभ तीच होती, हे मावशी ओळखून होती. म्हणून तिने स्वतःभोवती कुंपण घातलं. माप घेताना टाचण्या ओठांत. रविवारी शेवटची प्रार्थना झाली की थेट घर.

"मावशी, चहात विष घालतो का आम्ही?" बायका टोमणा मारत.

"चहाचा दोष नाही गं, मीच उतू जाते."

तीन वर्षांनी एका दुपारी सून दारात उभी राहिली. "जरा सैलसर झगा हवाय, मावशी." मावशीने माप घेतलं, वहीत आकडे लिहिले, विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर. "सून आली होती ना? कंबर किती भरली?"

गायनमंडळाचं सगळं काम याच बाईंच्या हातात. तिने मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं.

"वहिनी, मी कुणाचंच माप सांगत नाही."

"अहो, मी काय परकी आहे?"

"तुमचंही कुणाला सांगत नाही. ते बरंच आहे ना तुम्हाला?"

सासूबाई हसल्या नाहीत. पिशवी उचलून तरातरा निघून गेल्या.

गायनमंडळाचे झगे आता दुसरीकडे शिवतात. मावशी शाळेचे गणवेश शिवते आणि दर बुधवारी दुपारी सून आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन तिच्याकडे शिवण शिकायला येते.