दादाने तोडून दिलेला कडक पेरू

परवा रविवारी उतईला दादाकडे गेले होते. मी राहते त्या जुनवानीहून तसं फार लांब नाही, पण हल्ली तिकडे जायला पाऊलच उचलत नाही... दादाला आता दिसत नाही. शुगरने आधी एक डोळा नेला, मग दुसरा.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. रिटायर होईपर्यंत स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. आता समोर ठेवलेला चहाचा कपही चाचपडत शोधतो.

मागच्या महिन्यात मलाही शुगर निघाली. घाबरून मी सगळी फळं एकदम बंद करून टाकली... दादाला हे कळू द्यायचं नव्हतं. पण वहिनीने पिकलेल्या पेरूच्या फोडी पुढे केल्या, मी नको म्हटलं, आणि त्याची मान वर झाली.

"तुले पण निघाली का गं?"

मी ताटली वहिनीकडे परत सरकवली. त्याला तेवढं पुरलं.

तो म्हणाला, "मी पण हेच केलं. फळं सोडली अन् वाटलं, झालं परहेज. भात मात्र ताटभर खात राहिलो. ड्युटीवर गोड चहा चालूच. बरं वाटलं की गोळ्या बंद..." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. तेच ऐकवत नव्हतं.

मग वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून तो अंगणातल्या पेरूच्या झाडापाशी गेला. बोटांनी एकेक पेरू दाबून पाहिला. मऊ लागले ते सोडले आणि एक कडक तोडून माझ्या हातात दिला.

"हा खा. जूस नको करू, जेवणावर नको खाऊ. मधल्या वेळी, एकच. अन् मग मशीनवर पाहून घे, तुले चालते का."

मी तिथेच उभी राहून खाल्ला. तो कान देऊन ऐकत होता...

"कावून रडून राहिली?" त्याने विचारलं. मी तर आवाजही केला नव्हता.

घरी येऊन शुगर पाहिली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच होती. दादाला फोन करून सांगितलं.

तो म्हणाला, "बरं झालं. आता डोळे दाखवून ये. मी टाळत राहिलो, तू नको टाळू."

एकटीला भीती वाटते, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी येतो ना सोबत," तो म्हणाला.

या आठवड्यात जायचं आहे. तिथे त्याला हाताला धरून मलाच न्यावं लागेल, हे त्यालाही माहीत आहे... तरी सोबत तोच असणार. माझ्या नशिबाने अजून तेवढं ठेवलंय.