बऱ्या होऊन घरी गेलेल्या

मी सरकारी आरोग्य योजनेत दाव्यांची पडताळणी करायचे. त्याआधी नर्स होते. हॉस्पिटलने कागदावर दाखवलेला रुग्ण खरंच तिथे होता का, हे त्याच्या घरी जाऊन विचारायचं, असं ते काम.

एका दुपारी यवतच्या पुढे उसातल्या एका वस्तीवर गेले. फायलीत एका म्हातारीचं नाव होतं. श्वासाचा त्रास, पाच दिवस आयसीयू, तब्येत सुधारल्यावर घरी सोडलं. ओसरीत सून शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, “आजींना भेटायचंय.”

तिचे हात थांबले. “कुणाला?”

मी नाव वाचलं. तिने आतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथे हार घातलेला फोटो होता.

“दोन वर्सं झाली आत्याबाईंना जाऊन.”

माझ्या हातातला कागद गेल्याच महिन्याचा होता.

तेवढ्यात तिचा नवरा रानातून आला. फायलीतला फोटो मी त्याला दाखवला. बेडवर एक बाई, ऑक्सिजनच्या मास्कने चेहरा झाकलेला, डोळे मात्र उघडे, थेट बघणारे.

“ही आई न्हाई,” तो म्हणाला. मग बोट ठेवून शेवटची ओळ सावकाश वाचली. “बरी हून घरी गेली, आसं लिवलंय. म्हंजी कुठल्या घरी?”

मी योजनेच्या कार्डाचं विचारलं. गावात मोफत तपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्याने घरातली सगळी कार्डं दिली होती. आईचंही त्यात गेलं होतं.

ऑफिसात त्याच हॉस्पिटलच्या फायली काढल्या. सात नावं, वेगवेगळी गावं, आणि प्रत्येक फोटोत तेच डोळे. मी आयुष्यात मढी पुष्कळ पाहिलीत, पण त्या दिवशी भर माणसांत बसून अंगावर काटा आला. घरोघरी फोन लावले. सहा बाया कधीच्याच वारलेल्या. सातवीचा पत्ता कारेगावचा होता, आणि तिचा फोन लागत नव्हता.

कारेगावात भाड्याच्या खोल्यांची ओळ. तिच्या खोलीला कुलूप होतं. मी परत फिरणार तोच मागून आवाज आला, “कोण पायजे?”

कंपनीतून सुटून आलेली बाई. नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळलेला, वर तेच डोळे. मी नकळत मागे सरले.

खोलीत बसल्यावर मी सातही फोटो तिच्यापुढे ठेवले. तिने सांगितलं, “शिबिरातून गाडीनं नेलं आमाला. मला काय बी झालं नव्हतं. मास्क लावला, म्हणले डोळे उघडे ठेवा. दर बारीला येगळ्याच नावानं हाक मारायचे. मी म्हणलं, ही मी न्हाई. तर म्हणले, तुमी फकस्त पडून ऱ्हावा.”

मग तिने विचारलं, “ज्यांच्या नावानं मला हाक मारली, त्या बाया कुठं हायत?”

“नाहीत आता,” मी म्हटलं. “आधीच गेल्या होत्या.”

तिने स्कार्फ ओढून काढला आणि कितीतरी वेळ दोन्ही हातांनी आपलाच चेहरा चाचपत राहिली.

जबाब मात्र तिने ठामपणे दिला. त्यावरून ते हॉस्पिटल योजनेतून काढलं गेलं. गुन्ह्याचा तपास अजून चालू आहे. सही करण्याआधी तिने मला जबाबावरचं तिचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं.

“परत वाचा, ताई,” ती म्हणाली.