कुमारअण्णा आणि पाच योयो

भवानी पेठेत माझं रंगीत माशांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक शाळेतली मुलं आणि त्यांच्यामागे कंटाळून उभे असलेले आईबाप. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ एकटेच आले आणि त्यांनी काउंटरवर लोणच्याची बरणी ठेवली, तेव्हा मला वाटलं, हे दुकान चुकले. बरणीत पाणी होतं आणि पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या वीस-पंचवीस गोगलगायी.

“हे बग,” ते म्हणाले. “काचेला चिकटतंय. रोज काढतो, रोज होतंय. औषध दे.”

आवाज एवढा मोठा की रस्त्यानं चाललेली बाई थांबून आत बघू लागली. हे भांडायलाच आलेत असं मला वाटलं. पण चेहरा शांत होता. मी बोलायला लागलो की ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते.

हे कुमार येमूल. चौतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. मागाच्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं, नाहीतर हातानं खुणा कराव्या लागतात. ती सवय घरीही आली आणि बाजारातही. कारखाना बंद पडल्यावर ते एका टॉवेलच्या गोदामात माल तपासायला लागले होते. घरातली काचेची टाकी त्यांच्या मुलीची, लावण्याची. तिला लांब पुण्यात नोकरी लागली, ती गेली आणि टाकी राहिली. “देऊन टाका कुणाला तरी,” असं सुंदरम्मा, म्हणजे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारअण्णा टाकीची काच पुसत बसले होते.

मी त्यांना औषध दिलं नाही. गोगलगायी एकदम मेल्या की पाणी कुजतं आणि बाकीचे मासेही जातात. त्याऐवजी एक योयो लोच दिला. बोटभर लांबीचा, चंदेरी अंगावर काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. हा मासा तळाशी फिरतो आणि गोगलगायी शंखातून ओढून खातो.

“एक पुरेल?” त्यांनी विचारलं.

“पुरेल की,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी ते परत आले. मासा फिल्टरच्या मागं जाऊन बसतो, बाहेरच येत नाही. मी म्हटलं, नवा आहे, रुळेल. आणखी आठ दिवसांनी पुन्हा आले.

“आदिनाथ,” ते म्हणाले. एव्हाना त्यांनी माझं नाव विचारून घेतलं होतं. “आमच्या खात्यात नवा माणूस आला की दोन दिवस गप बसायचा. तिसऱ्या दिवशी चहाला यायचाच. ह्याला पंधरा दिवस झाले. कायतरी चुकतंय बग.”

मग मला खरं सांगावं लागलं. “अण्णा, लोच एकटा राहत नाही. पाच-सहा जण लागतात. एकटा ठेवला की तो घाबरून लपतो.”

“मग एकच का दिलास?”

“सगळे एकच मागतात. मी देतो.”

“मागणाऱ्याला काय माहीत असतंय? तुला माहीत होतं की.”

ते रागावून बोलले नाहीत. टॉवेलातला सुटलेला धागा दाखवावा, तसं दाखवलं. मी आणखी चार लोच पिशवीत बांधून दिले आणि त्या दिवसापासून लोच मागणाऱ्याला आधी त्याच्या टाकीचं माप विचारू लागलो.

टाकीत टोकदार खडी होती. तळाशी तोंड खुपसणाऱ्या माशाच्या मिशा तिनं सोलतात, म्हणून मी बारीक वाळू टाकायला सांगितली. अण्णांनी वाळू धुतली ती इतकी, की सुंदरम्मा माझ्या दुकानात तक्रार घेऊन आल्या. “नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय, आणि हे वाळूला आंघोळ घालत बसलेत. तूच सांग त्यांना.” मी सांगायला गेलो तर अण्णांनी वाळू धुतलेलं सगळं पाणी बादल्यांत भरून ठेवलं होतं, संडासाला वापरायला. पुढं टाकीचं जुनं पाणी कढीपत्त्याला जाऊ लागलं आणि वाद मिटला.

पाच लोच आले आणि घरातलं वातावरण बदललं. लपायला ठेवलेल्या पाइपाच्या तुकड्यांमधून ते एकामागून एक निघायचे, काचेवर वरखाली धावायचे आणि दुपारी एकाच फटीत पाचही जण दाटीवाटीनं पडायचे. एकदा अण्णा अनवाणीच दुकानात आले. “एक गेला. आडवा पडलाय.” मी त्यांच्याबरोबर गेलो, जाळी पाण्यात घातली, तसा तो मेलेला मासा टुणकन उठून पळाला. लोच असे आडवे पडून झोपतात, हे मी त्यांना सांगायला विसरलो होतो. अण्णा हसत हसत खालीच बसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जूनमध्ये सुंदरम्मा पुन्हा दुकानात आल्या. चेहरा उतरलेला.

“काच तडकतीय रे. टक टक आवाज येतोय. फुटली तर घरभर पाणी होईल. मी विड्यांची पानं उचलून वर ठेवलीत.”

सुंदरम्मा घरी विड्या वळतात. टाकीच्या शेजारीच त्यांची बसायची जागा आहे, म्हणून आवाज त्यांनीच ऐकला. मी गेलो. काचेचे चारही सांधे बोटानं तपासले. कुठं ओल नव्हती. मग अण्णांना खाणं टाकायला सांगितलं. दाणे तळाला पोचले, पाचही लोच धावले आणि टाकीतून स्वच्छ आवाज आला. टक. टक टक.

“हा बघा आवाज,” सुंदरम्मा म्हणाल्या.

मी हसलो. “वहिनी, काच नाही. मासेच करतात. खायला मिळालं की लोच असा आवाज काढतात.”

सुंदरम्मा टाकीजवळ सरकल्या. पुन्हा टक टक झालं आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. तेलुगूत अण्णांना काहीतरी म्हणाल्या. अण्णा आमच्या दोघांकडे बघत होते.

“कसला आवाज?”

“आत्ता आला की. हा बघा, परत,” सुंदरम्मा म्हणाल्या.

अण्णांनी पंखा बंद केला. काचेला कान लावला. मग बोटं लावली. टाकीत टकटक चालू होती आणि ते तसेच वाकून उभे होते. थोड्या वेळानं सरळ झाले आणि पंखा लावला.

“मला काय नाही ऐकू येत,” ते म्हणाले.

सुंदरम्मांनी एकदम मान खाली घातली. नंतर त्या मला म्हणाल्या, तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लोक हळू बोलतात, फोन खराब आहे, पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते, असंच ते म्हणत आले होते. लावण्याचा फोन आला की सुंदरम्मा तिचं बोलणं ऐकायच्या आणि अण्णांच्या कानाशी ओरडून सांगायच्या. कान तपासा, असं लावण्यानं कितीदा सुचवलं होतं. “मागावरच्या सगळ्यांचंच असं असतंय,” एवढंच उत्तर.

पुढचे पंधरा दिवस अण्णा टाकीशी झगडले. काचेला स्टीलचा पेला लावून पाहिला. फिल्टर बंद करून पाहिला. काहीच नाही. मग एका संध्याकाळी ते दुकानात आले, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि त्यांच्या मानानं हळू विचारलं, “कानाचं मशीन कुटं मिळतंय?”

सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. बंद खोलीत बसवून त्यांच्या कानाला हेडफोन लावले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं होतं. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “मी बटण धरून वाट बघत बसलो. काचेपलीकडची बाई मधनंमधनं मान हलवायची. तेव्हा कळलं, आवाज येऊन गेला.” तपासणाऱ्या मॅडमनी त्यांना नीट समजावलं. जाड आवाज अजून ऐकू येतात, बारीक आवाज गेलेत. ते परत येणार नाहीत, पण मशीननं बरंच जमेल. उशीर झालाय, तरी फार नाही.

मशीन मिळायला दोन महिने गेले. आणि मिळालं तेव्हा अण्णांनी ते तीन दिवसांत काढून डबीत ठेवलं. भांड्यांचा आवाज, पंख्याचा, रिक्षांचा, स्वतःच्या चपलांचा. “एवढ्या गोंगाटात तुम्ही जगता कसं?” चौतीस वर्षं मागांत काढलेला माणूस मला विचारत होता. मी हसलो, पण ते खरंच बेजार झाले होते.

मॅडमनी सांगितलं, रोज थोडा वेळ लावा, शांत जागी. घरात शांत जागा एकच होती. अण्णा रोज सकाळी कामावर जाण्याआधी मशीन लावून टाकीसमोर अर्धा तास बसू लागले. आधी फिल्टरच्या पाण्याची बुडबुड कळली. मग सुंदरम्मांच्या कात्रीचा, पानं कापतानाचा आवाज. काही दिवसांनी अण्णांनी उकडलेल्या काकडीची चकती टाकीत सोडली. लोच तिच्यावर तुटून पडले.

“मला आधी वाटलं कात्रीच,” त्यांनी मला सांगितलं. “पण ती तर भाजी आणायला गेलती. मग परत आला. बारीक आवाज की रे तो. नख वाजवल्यागत.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? बसून राहिलो. कामावर उशीर झाला.”

नंतर त्यांच्या आवाजातला फरक आम्हा सगळ्यांना जाणवला. ते हळू बोलू लागले. लावण्याच्या फोनवर आता ते स्वतः बोलतात. पहिल्या वेळी ती बराच वेळ काही बोललीच नाही म्हणे. अण्णांना वाटलं, मशीन बंद पडलं.

या दिवाळीनंतर त्यांचे मागावरचे जुने सोबती जोतीराम त्यांच्या घरी आले. मीही होतो, फिल्टरचा स्पंज बदलायला गेलो होतो. जोतीराम आल्या आल्या म्हणाले, “म्हातारा झालास की रे कुमार. कानात खुंटी मारून घेतलीस.” अण्णांनी वाद घातला नाही. चहा आला, मागावरच्या गोष्टी निघाल्या. जोतीराम ओरडून बोलत होते, अण्णा साध्या आवाजात. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, अण्णांचं प्रत्येक वाक्य जोतीराम दोनदा विचारत होते आणि तिसऱ्यांदा न विचारता नुसतीच मान डोलवत होते. अण्णांनीही ते पाहिलं. उठले आणि जोतीरामच्या डाव्या बाजूला, त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन बसले.

“नात काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

जोतीरामनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “ती बोलते रे. लई बोलते. मला काय बी कळत न्हाय.”

पुढच्या सुट्टीला अण्णा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. परवा गेलो तेव्हा अण्णा कागदावर मागावरच्या ओळखीच्या माणसांची नावं लिहीत होते. सात झाली होती. दोघं दवाखान्यात यायला तयार, एकाची बायको तयार, पण तो नाही. बाकीच्यांकडे रविवारी जायचं ठरलंय. जोतीरामचं मशीन अजून आलेलं नाही. नंबर लागलाय.