कोणबरं सर

आपल्या शोधनिबंधाचा दाखला जगात कुठे कोणी दिला, की संशोधक आकडा मोजतो. आमचे सर माणूस शोधायचे. संगणकावर नवा दाखला दिसला की चष्मा कपाळावर सरकवून स्वतःशीच म्हणायचे, "कोण बरं असेल हा?" पालघरच्या आमच्या कॉलेजात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना कोणबरं सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

नुसतं म्हणून थांबले असते तर ठीक. ते त्या अनोळखी माणसाला ईमेल धाडायचे: आपण आमचं लिखाण वाचलंत, आनंद झाला, त्यातलं काय पटलं नाही तेवढं कळवा. बहुतेक जण उत्तरच देत नसत. ब्राझीलच्या एका डॉक्टरांनी मात्र प्रामाणिकपणे कळवलं, की आपण फक्त वरचा सारांश वाचला होता. सर खो खो हसले. "म्हणजे पत्रिका वाचून आहेर पाठवला! लग्नाला काही आला नाही."

सरांच्या नावावर निबंध तसे मोजकेच. त्यातला एकच गाजला, आणि त्यावर दुसरं नाव माझं होतं. कुंभवली-सरावलीकडे कारखान्यांशेजारी राहणाऱ्या लोकांना नळीत फुंकायला लावून आम्ही त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजली, मग डोंगरातल्या एका पाड्यावरच्या लोकांची. दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. 'फरक नाही' हे वाक्य जगाला फारच आवडलं. सरांचे निम्म्याहून जास्त दाखले त्या एकट्या निबंधाचे. मुंबईच्या एका मोठ्या संशोधनसंस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेही त्याच्याच जोरावर. तिथे त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. आमच्याकडे एका खोलीत आणि एका फ्रीजमध्ये सगळं भागवावं लागे, त्यामुळे त्या प्रयोगशाळेची स्वप्नं ते वर्षानुवर्षं पाहत आले होते.

नेमकं त्याच दिवसांत सरांच्या एका ईमेलला नेपाळमधल्या एका संशोधक मुलीचं उत्तर आलं. तिने निबंध शेवटपर्यंत वाचला होता. तिला एवढंच विचारायचं होतं, की तुमची ती डोंगरातली माणसं वर्षभर डोंगरातच असतात का?

 दुसऱ्याच दिवशी सर मला घेऊन थेट पाड्यावर गेले. जानेवारी होता. घरोघर कड्या लावलेल्या. एक म्हातारी तेवढी उन्हात बसली होती.

"सगली भट्टीवर गेलीत," ती म्हणाली. "दिवाली झाली का जातात, पावसाला येतील. तुमी आलेलात तवा पावसालाच आलेलात ना?"

आम्ही खरंच पावसाळ्यात गेलो होतो. 'कारखान्यात काम करता का?' असं विचारलं होतं, आणि लोकांनी खरं तेच सांगितलं होतं. निम्मं वर्ष ते वीटभट्ट्यांचा धूर गिळतात, हे आमच्या गावीही नव्हतं. स्वच्छ हवेतले म्हणून ज्यांना धरलं, तेच धुरातले निघाले. तुलना मुळातच फसली होती.

परतताना बोईसर स्टेशनबाहेर चहाला थांबलो. मी म्हटलं, "सर, मुलाखत पंधरवड्यावर आलीय. ती होऊन जाऊ दे, मग निबंध मागे घेऊ."

"आणि तेवढ्यात आपल्या भरवशावर कोणी तिथल्या लोकांना सांगितलं, तुम्हाला काही होत नाही म्हणून?"

"मग काय, फरक आहे असं लिहायचं?"

"तेही नाही. आम्हाला माहीत नाही, एवढंच लिहायचं. त्यात लाज कसली, मॅडम?"

मला लाज वाटत नव्हती, राग आला होता. सरांचा, त्या मुलीचा, सगळ्यांचाच.

त्याच आठवड्यात सरांनी निबंध मागे घेतला. मुलाखतीत ते आपणहून सांगितलंही. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या मुलीला त्यांनी लिहिलेलं आभाराचं पत्र मी वाचलंय. इतक्या आनंदाने लिहिलेलं पत्र त्यांच्या हातचं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. मला मात्र ती प्रयोगशाळा बरेच महिने डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्यांनी त्यांच्या दाखल्यांचा आकडा अभिमानाने वाचून दाखवला. निबंध मागे घेतला तरी संगणक त्याचे दाखले मोजतच होता, आणि लोकही ते देतच होते.

सर खुर्चीतून उठले. "त्यातले निम्म्याहून जास्त वजा करा," म्हणाले.

सभागृह हसलं. केवढा हा विनय, म्हणून टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत सर उभेच राहिले.

"हसू नका हो," ते म्हणाले. "खरंच करा."

पुन्हा टाळ्या पडल्या. माझे हात काही उचलेनात.