शर्टावरचा लांब केस

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कोणी सांगितलं?" पलीकडे माझा भाचा होता, स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत होता, तरी मी विचारलंच. आयुष्य एसटीच्या कंडक्टरकीत गेलं. मिसरूड फुटलेली पोरं गुडघे वाकवून अर्धं तिकीट मागताना पाहिली, मेलेल्या माणसाच्या पासावर त्याचा सख्खा भाऊ प्रवास करताना धरला. ऐकलेलं खरं मानायची सवयच राहिली नाही. शिवाय काशिनाथभावोजी गेल्याची बातमी याआधीही एकदा आली होती, कड्यावरून पडले म्हणून. आम्ही रडत गेलो, तर गृहस्थ ओटीवर बसून तंबाखू मळत होते. म्हणून शहापूरहून निघालो तेव्हाही मनात होतं, तसंच असणार... सिद्धगडाच्या पायथ्याला त्यांच्या अंगणात पोचलो आणि भाचा समोर आला. अग्नी द्यायचा म्हणून त्याने मिशी उतरवली होती. तो उघडा ओठ बघितला आणि माझी खात्री पटली.

त्या घरात मिशीवरून एकदा आधीही रडारड झाली होती. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्या चैत्रात गावाजवळच्या दरीत पिक्चरच्या शूटिंगवाल्यांनी तंबू ठोकले. मारामारीचा, खजिना शोधायचा पिक्चर होता. भावोजी कड्याला लटकून आग्या माश्यांचं पोळं काढणारे, अंगाने सडपातळ, माकडासारखे चपळ. त्यांना दोर वाहायला आणि वाट दाखवायला घेतलं. आठवड्याभरात एका संध्याकाळी ते घरी आले ते मिशी सफाचट करून. त्यांची आई चुलीपुढून उठली आणि ओरडली, "मेल्या, मी जिती हाय ना अजून! कोन गेला तुजा?" भावोजी म्हणाले, उन्हाने खाज सुटत होती. खाज! पण माझ्या ताईच्या, सुमनच्या, मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि संशयाच्या बाबतीत आमचं घराणं एकच. तिने त्यांचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा खांद्यावर एक केस सापडला. चांगला कमरेपर्यंत येईल इतका लांब, काळाभोर. ताईचे केस तेव्हाही जेमतेम खांद्यापर्यंत होते. मग करंगळीच्या नखावर लाल रंग दिसला. अंगाला पावडरीचा वास तर रोजचाच. ताईने तो केस पदराच्या गाठीत बांधला, मुलाला घेतलं आणि शहापूरला माहेरी निघून आली.

"पिक्चरच्या बाईशी हाय त्यांचं," एवढंच ती म्हणाली. "मी नाय जायची परत."

तिचं भरलेलं घर मोडायला आलं होतं. आमच्या आईचं अन्न तुटलं. मी मात्र कोणाच्या सांगण्यावर जाणारा माणूस नव्हे. रजा टाकली, ताईकडून तो केस मागून घेतला, तिकिटांच्या पेटीत नीट ठेवला आणि दरीत जाऊन एका झाडाआड बसलो. खाली छत्रीच्या सावलीत हिरव्या घागऱ्यातली हिरोईन शीतपेय पीत होती. आणि वर कड्याच्या टोकावर तोच घागरा घातलेली दुसरी बाई उभी होती. मी म्हटलं, हे काय गौडबंगाल? कड्याखाली पुठ्ठ्याचे खोके आणि गाद्या रचल्या होत्या. वरची बाई वाकली, चिमूटभर माती घेऊन तळहाताला चोळली, बोट कपाळाला लावलं आणि दिली उडी झोकून. मी झाडाआडून उठून तिकडे धावलो. खोक्यांतून ती खोकत बाहेर आली, केसांचा टोप एका कानावर लोंबत होता, आणि तिने पहिलं काम केलं ते म्हणजे चोळीत हात घालून तंबाखूची पुडी काढली. भावोजी! कड्यावर पाय ठेवण्याआधी मातीचं बोट कपाळाला लावायची त्यांची सवयच होती. मुंबईहून आणलेली उडी मारणारी मुलगी कडा बघूनच परत गेली होती, म्हणून यांना उभं केलं होतं.

तरी मी टोपाचा केस पेटीतल्या केसाशी ताडून बघितला. जुळला.

"मेवन्या, बोलायचं नाय कुनाला," भावोजींनी माझा हात धरला. "ताईला तर नायच. गाव म्हनेल काश्या बाई झाला. पोराला शालंत चिडवतील. घे शपथ."

"अहो, पण तिकडे तुमचं घर..."

"शपथ घे आधी!"

घेतली. घरी येऊन ताईला म्हटलं, मी तपास केलाय, बाईबिई काही नाही. ती म्हणाली, "तुमी पुरुष सगले एकमेकांना सामील." पुढे बोलायची मला सोय नव्हती. पावसाळा गेला, भात कापून झालं, तरी ती माहेरीच. भावोजी दोनदा येऊन दारातूनच परत गेले. मुलगा त्यांच्या मागे एसटी स्टँडपर्यंत पळत जायचा. मला ते बघवत नसे.

तो पिक्चर मुंबईत आठवडाभरही टिकला नाही आणि पौषात म्हसा गावच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत येऊन दाखल झाला. मी ताईला घोंगडी घ्यायच्या निमित्ताने जत्रेला नेलं आणि दिवेलागणीच्या खेळाला बसवलं. सांगायचं नाही अशी शपथ होती, दाखवायचं नाही अशी नव्हती. हिरोईन कड्यावर आली. पाठमोरीच दिसत होती. वाकली, माती तळहाताला चोळली, बोट कपाळाला नेलं... ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"बाल्या, ही बाई माती का लावते रं कपाळाला?"

"मला काय माहीत?"

पडद्यावर उडी पडली आणि ताई ताडकन उभी राहिली. "अगो बाई! आमचा मानूस पडला!"

सगळा तंबू हसला. मागून "ए बाई, बस खाली!" म्हणून ओरडा झाला. तिला कशाचं भान नव्हतं, ती हसत होती आणि रडत होती. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. भावोजी गोठ्यात होते. ती दारातूनच म्हणाली, "पडतांना पदर तरी सांभालायचा." त्यानंतर त्या घरात भावोजींना चहाची हाक "हिरोयनी" अशीच आली, त्यांच्या आईनेसुद्धा तशीच मारली. त्या उडीपासून बरगड्या मात्र थंडीत दुखायच्या. उठताना हात तिथे जायचा. शपथ मी मोडली असा त्यांना शेवटपर्यंत संशय होता. "तूच बोल्लास," ते म्हणायचे. मी म्हणायचो, तोंडातून शब्द काढला असेल तर जीभ झडो. गेल्या दिवाळीलाही हेच बोलणं झालं, तेच शेवटचं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा परत गेलो होतो. ताई शेतावरून येत होती. आमच्याकडे बायका शेतात जाताना लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, तसा तिने भावोजींचा चढवला होता. खांद्यावर एक केस दिसला. जुन्या सवयीने मी तो उचलला.

"कुनाचा रं?" तिने विचारलं.

"तुझाच. पांढरा आहे."

"नीट बघ ना. तुला सगल्यात संशय येतो ना... टोपातला काला तर नाय?"

मी उजेडात धरून पुन्हा बघितला, आणि नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्या बोटांतून तो केस काढून घेतला, आणि होता तसा परत शर्टाच्या खांद्यावर ठेवला.